पांढरा साका

बेरियम क्लोराइडच्या नितळ द्रावणात सौम्य सल्फ्युरिक आम्ल घातले, की तत्काळ पांढरा साका तळाशी बसतो. तो बेरियम सल्फेटचा: एक बेरियम, एक गंधक, चार ऑक्सिजन. हम्फ्री डेव्हीने १८०८ मध्ये बेरियम धातू वेगळा केला. त्याचे विरघळणारे क्षार विषारी. सल्फेट मात्र पाण्यात विरघळत नाही, जठराच्या आम्लातही नाही. म्हणूनच १९१० मध्ये जर्मन डॉक्टरांनी ते क्ष-किरण तपासणीसाठी रुग्णांना द्यायला सुरुवात केली. आपल्याकडचे ‘बेरियम मील’ ते हेच.

आम्ही कवी एका मात्रेसाठी हळहळतो. इथे गंधकाच्या जागी कार्बन आला, एक ऑक्सिजन कमी झाला, की बेरियम कार्बोनेट. दिसायला तीच पांढरी भुकटी, पण जठराचे आम्ल तिला विरघळवते आणि बेरियम रक्तात उतरतो. पूर्वी ही भुकटी उंदीर मारायला वापरत. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये तपासणीसाठी पाजायच्या औषधात हे कार्बोनेट मिसळलेले निघाले. नुसती तपासणी करायला गेलेली माणसे दगावली.

अशा विषबाधेत सोडियम किंवा मॅग्नेशियम सल्फेट पाजतात. पोटात उरलेल्या बेरियमचा तिथेच साका होतो. रक्तात गेलेल्याला मात्र तो उतारा पुरत नाही.