कोरा रकाना आणि पूज्य

भूगावच्या आमच्या बचत गटात एकदा एका ताईंचे दोन महिन्यांचे रकाने वहीत कोरे राहिले. वर्षाचा हिशोब लावताना त्या म्हणाल्या, "मी पैसे दिलेत." पैसे आलेच नव्हते की लिहायचे राहिले, हे आम्हां कोणालाच सांगता येईना. शब्दाला शब्द वाढला आणि ताई बैठकीला यायच्या बंद झाल्या.

हिशोब ठेवणं बायकांना नवं नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो. यज्ञात दिलेल्या दानाचे आकडे त्यात कोरलेत. गायी १७००, अशी नोंद आहे. पण त्यात शून्य नाही! हजाराची खूण वेगळी, सातशेची वेगळी.

पुढे इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात शून्याचे नियम लिहिले. कुठल्याही संख्येत शून्य मिळवलं, तरी संख्या तीच राहते. म्हणून आपल्या मुलांच्या पुस्तकात शून्याला बेरजेचा 'अविकारक' म्हणतात. विकार म्हणजे बदल; तो न करणारा. गुणाकारात हे काम १ करतो. ५०० ला १ ने गुणलं तर ५००च, शून्याने गुणलं तर सगळंच गेलं! ब्रह्मगुप्ताचे शब्दही आपल्या व्यवहारातलेच: धन आणि ऋण. ऋणात तेवढंच धन मिळवलं की शून्य. म्हणजे कर्ज फिटलं.

११५० साली भास्कराचार्यांनी 'लीलावती'त शून्याचं गणित मांडलं. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटणे इथे मठ काढला. तसा शिलालेखच आहे.

जुन्या बायका शून्याला 'पूज्य' म्हणायच्या. आम्हांला त्याचं मोल उशिरा कळलं. कोरा रकाना काहीच सांगत नाही, आणि त्यात नंतर कोणीही काहीही लिहू शकतं. शून्य मात्र सांगतं, की बाई गटात आहे, या महिन्यात पैसे जमले नाहीत. १२०० शिल्लक असेल तर १२००च राहते.

आम्ही ताईंच्या घरी गेलो. चूक आमच्या वहीची होती, हे कबूल केलं. ते दोन हप्ते जमा धरायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं. ताई पुन्हा येऊ लागल्या. आता आमच्या वहीत एकही रकाना कोरा नसतो. पैसे नसले तर ० लिहायचं आणि शेजारी सही करायची. तुमची वहीही आज एकदा उघडून बघा.