वर्गातले मदतनीस : मुंबई उपनगरांतील विशेष शिक्षणाची दुसरी बाजू

विशेष मुलांच्या वर्गात शिक्षकाला मदतनिसाची जोड लागते. मुलाला नीट बसवणे, डबा भरवणे, शौचाला नेणे आणि शिकवलेले पुन्हा पुन्हा करवून घेणे, ही मदतनिसाची कामे.

मुंबईच्या उपनगरांत या कामाची मुळे निवासी संस्थेत सापडतात. १९४१ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्दला तेव्हा मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी निवासगृह काढले. अशा ठिकाणी सांभाळणे आणि शिकवणे यांत सीमारेषा आखता येत नाही. तिकडे शहरात १९४४ मध्ये वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या मुलीच्या गरजेतून शाळा काढली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेल्या मुलांचे शिक्षण व उपचार एका छताखाली आले. आता उचलण्या-बसवण्यालाही शास्त्र लागू लागले.

हे कौशल्य जेवणाच्या सुट्टीत दिसते. मदतनीस आधी मुलाच्या हातावर हात ठेवून चमचा तोंडापर्यंत नेते. काही आठवड्यांनी आधार मनगटावर येतो, मग कोपरावर आणि शेवटी सुटतो. कोणत्या दिवशी किती आधार काढायचा, हे ठरवणे म्हणजेच शिकवणे.

सरकारी नियमांनी मात्र या कामाला सेवेपलीकडे मानले नाही. १९७४ च्या एकात्मिक शिक्षण योजनेच्या सुधारित नियमांत तीव्र अस्थिव्यंग असलेल्या दहा मुलांमागे एक परिचर सुचवला गेला, तोही चतुर्थ श्रेणीच्या वेतनावर. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने विशेष शिक्षकांना नोंदणी लागू केली. त्यातील व्यावसायिकांच्या यादीत मदतनीस नव्हता. निवासी विशेष शाळांत ‘काळजीवाहक’ हे पद राहिले.

१९९९ मध्ये वांद्र्यात समावेशनाचे राष्ट्रीय संसाधन केंद्र सुरू झाले आणि ही मुले सामान्य शाळेतच शिकावीत हा आग्रह वाढला. पुढे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या खासगी शाळांत एकेका मुलाबरोबर वर्गात बसणाऱ्या मदतनीस, म्हणजे ‘शॅडो टीचर’, दिसू लागल्या. त्यांचा खर्च बहुधा पालकच उचलतात. त्यामुळे ज्यांना तो परवडत नाही, त्यांची मुले या आधाराला मुकतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समावेशक शिक्षणाला साहाय्य करणारे कर्मचारी प्रशिक्षित करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. प्रशिक्षण, निश्चित पद आणि योग्य वेतन मिळाले, तरच ही तरतूद प्रत्येक वर्गापर्यंत पोहोचेल.