दादा केळुसकरांची भेट, भायखळ्याचा बाजार आणि आमच्या घरचा अठरावा वाढदिवस



आमच्या घरी सध्या एका वाढदिवसावरून वाद सुरू आहे. माझी पुतणी पुढच्या महिन्यात अठरा वर्षांची होते. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, हॉल, डीजे आणि चौकात फ्लेक्स पाहिजे. आत्याबाईंना बुद्धवंदना आणि भंतेजींना भोजनदान पाहिजे. मला, सवयीप्रमाणे, ग्रंथभेट आणि दोन-तीन वक्ते पाहिजेत. पोरगी सगळं ऐकून म्हणाली, "मोठेबाबा, वाढदिवस माझा अन् पाहुणे तुमचे, असं काहून?"

तिला उत्तर देण्याआधीच एक नातेवाईक बोलून गेले, "अठरा झाले म्हणजे कायद्यानं मोकळं झालं. चांगल्या घरचे चार लोक त्याच दिवशी बोलावून घ्या, पोरगी पाहून जातील." हॉल कशासाठी पाहिजे होता, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. म्हणून हा लेख.

आपल्या चळवळीतले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, वाढदिवस हे साहेबी फॅड आहे, आपल्याला काय करायचं त्याचं? मला हे पटत नाही. माझ्या वडिलांची जन्मतारीख दाखल्यावर १ जुलै आहे. त्यांच्या भावाचीही १ जुलैच. शाळा त्या दिवशी सुरू व्हायची, गुरुजींनी पोराकडे पाहून अंदाजाने वर्ष टाकलं आणि पुढे सरकले. ज्यांच्या घरी पत्रिका मांडली जायची, त्यांना घटका-पळापर्यंत जन्मवेळ माहीत होती. आमच्या आजीला एवढंच माहीत होतं की त्या वर्षी पूर आला होता. ज्या समाजाला तारीखच मिळाली नाही, त्याच्या घरात तिसऱ्या पिढीची पोरगी नेमक्या तारखेला केक कापते, ही क्षुल्लक गोष्ट नाही.

पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी बाबासाहेबांची जयंती सार्वजनिकरीत्या साजरी केली, त्याचं मोल यामुळेच आहे. आज १३ एप्रिलच्या मध्यरात्री नागपूरच्या संविधान चौकात उभं राहिलं की ती परंपरा कुठवर आली ते दिसतं. मात्र खुद्द बाबासाहेबांना स्वतःचा वाढदिवस साजरा होणं रुचत नव्हतं. मद्रासच्या 'जय भीम' पत्राने त्यांच्या वाढदिवसानिमित्त खास अंक काढला, तेव्हा त्यांनी हे स्पष्ट कळवलं होतं. माणसाची पूजा लोकशाहीवाद्याला मानवत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आदर करा, पण पूजा नको.

पण एका पोरगेल्या वयाच्या भीमरावाचा समारंभ झाला होता, आणि तो आपल्या इतिहासातला मोठा समारंभ आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या, पण मूळ आवृत्तीत न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनीच तो सांगितला आहे. चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा मानतात आणि अध्यक्ष सीताराम केशव बोले होते असं सांगतात. बाबासाहेब मात्र इंग्रजी चौथीची परीक्षा म्हणतात आणि अध्यक्ष दादा केळुसकर होते असं लिहितात. तपशिलाचा हा फरक राहू द्या. (याच बोल्यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव आणला, ज्याच्या आधारावर पुढे महाड घडलं.)

प्रस्तावनेतला प्रसंग असा. वस्तीतल्या लोकांना पोराचा सत्कार करायचा होता. इतर समाजांच्या मानाने ती परीक्षा फार मोठी नव्हती, पण आपल्यातला इथपर्यंत पोचलेला हा पहिलाच मुलगा. सुभेदार रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षाच तर पास झाला आहे, असं त्यांचं म्हणणं. लोक हटले नाहीत. ते रामजींचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेले, त्यांनी मध्यस्थी केली आणि रामजी राजी झाले. त्या सभेत केळुसकरांनी १८९८ साली प्रसिद्ध झालेलं आपलं 'गौतम बुद्धाचे चरित्र' भीमरावांना भेट दिलं.

हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. पुढचा भाग मात्र बहुतेक वक्ते गाळतात. ते पुस्तक वाचून पोराने बापालाच प्रश्न केला: तुम्ही आम्हाला बुद्धाचं का नाही सांगितलं? ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता पुन्हा पुन्हा सांगणारे रामायण-महाभारत आमच्याकडून का वाचून घेता? वडिलांना प्रश्न आवडला नाही. तुम्ही पोरं आहात, सांगितलं तेवढं करा, असं ते म्हणाले. बाबासाहेबांनी वडिलांच्या या अधिकाराची तुलना रोमन कुटुंबप्रमुखाच्या सत्तेशी केली आहे. पोरगा पुन्हा विचारत राहिला, तेव्हा कुठे रामजींनी द्रोण आणि कर्णाचं उदाहरण देऊन, न्यूनगंड जावा म्हणून वाचायला सांगतो, असा खुलासा केला. तोही पोराला पटला नाही. त्या भेटीचं मोल सत्कारात नव्हतं. घरातल्या मोठ्यांना न रुचणारा प्रश्न तिच्यातून निघाला, हे तिचं मोल. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे घडलं, त्याची एक वाट या घरगुती वादातून येते.

आता त्याच घरातला, त्याच सुमाराचा दुसरा समारंभ पाहू. वर्षाबाबत चरित्रकारांत एकमत नाही, पण शाळकरी वयातच भीमरावांचं लग्न झालं. नवरी रामी, नऊ-दहा वर्षांची, आईबाप गेलेली, काका-मामांनी मुंबईत आणलेली. भायखळ्याचा बाजार रात्री उठल्यावर त्या रिकाम्या जागेत लग्न लागलं. पोराला सभा, अध्यक्ष आणि पुस्तक मिळालं. पोरीला बाजारातलं बोहलं मिळालं. दोष मी कोणा एकाला देत नाही. काळ तसा होता आणि रामजी हे त्या काळातले शिक्षणवेडे गृहस्थ होते. पण रामाईंच्या नावाने पुस्तक आलं ते १९४० साली. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केलं. रामाईंना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

पुढची गोष्ट आपल्या नागपूरची आहे. जुलै १९४२ मध्ये इथे मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांची नेमणूक नुकतीच जाहीर झाली होती. २० जुलैला तिथेच महिला परिषद झाली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या, त्यांत कितीतरी गिरणीत आणि विडीच्या कामावर राबणाऱ्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, गिरणीतल्या बायांच्या कामाच्या अटी, मुलींचं शिक्षण, असे ठराव तिथे झाले. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं की पोरांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलायची आर्थिक ताकद येईपर्यंत त्यांच्यावर लादू नका. आणि लग्न करणाऱ्या मुलीने नवऱ्यासमोर मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभं राहावं, दासी म्हणून नव्हे.

हे कुठे दूर लंडन-न्यूयॉर्कला नाही, आपल्या शहरात सांगितलं. ऐकणाऱ्यांत आपल्याच आज्या-पणज्या होत्या. त्यांचे नातू आज पोरीच्या केकभोवती स्थळं बसवू पाहतात, आणि वर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो!

कायद्याचं म्हणाल तर १९२९ च्या शारदा कायद्यात मुलीच्या लग्नाचं वय १४ होतं. ते १८ झालं १९७८ मध्ये. आणखी एक गोष्ट अठराव्या वर्षी मिळते, ती मात्र त्या नातेवाइकांना आठवली नाही. ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, ते १९८९ पासून. मत फक्त मालमत्तावाल्यांचं आणि शिकलेल्यांचं होतं त्या काळात, १९२८ साली सायमन कमिशनपुढे, बाबासाहेब प्रौढ मताधिकार मागत होते. अठरा म्हणजे लग्नाला मोकळी एवढंच ज्याला दिसतं, त्याने या मागणीचा अर्थ अजून समजून घेतलेला नाही.

या रविवारी सगळे पुन्हा बसलो. या वेळी पोरगी बोलली, आम्ही ऐकलं. सकाळी ती आजीला घेऊन दीक्षाभूमीवर जाणार. दुपारी आठ मैत्रिणी घरी, तर्री-पोहे आणि केक, आणि त्या वेळात घरातल्या पुरुषांनी बाहेर राहायचं. मोठ्यांनी संध्याकाळी यायचं, खिचडी खायची अन् जायचं. मतदार नोंदणीचा नमुना ६ तिने आधीच आणून ठेवला आहे. पाहुणे दाखवायला आणायचे नाहीत, हे तिने बापाच्या तोंडावर सांगितलं. भाऊ पंधरा मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, "बरं."

माझी ग्रंथभेट एका अटीवर मंजूर झाली: भाषण करायचं नाही. केळुसकरांच्या पुस्तकासोबत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' देतो आहे. फ्लेक्सवाल्याला दिलेले आगाऊ पैसे परत मिळतात का, ते विचारायला भाऊ उद्या जाणार आहे.