परिचारिकांचें त्रैराशिक आणि शिकविणारें यंत्र

त्रैराशिक हा शब्द कानीं पडतांच आपल्यापैकीं पुष्कळांना शाळेंतला फळा आठवेल. पांच मजूर, आठ दिवस आणि अमुक हात भिंत! ती भिंत पुढें आयुष्यांत कोणी बांधली नाहीं. म्हणून तें गणितहि विस्मरणांत गेलें. परंतु एक व्यवसाय असा आहे कीं, तेथें हेंच गणित दिवसांतून अनेक वेळां, उभ्याउभ्या, रात्रीं-अपरात्रीं सोडवावें लागतें आणि त्याचें उत्तर वहींत न लिहितां रोग्याच्या शरीरांत घालावें लागतें. तो व्यवसाय परिचारिकेचा. हें गणित तिला कसें शिकवावें, आणि त्या कामीं यंत्राची, व अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची, मदत कशी घेण्यांत आली, याचा थोडा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

प्रथम गणितच पाहूं. डॉक्टरांनीं ७५ मिलिग्रॅम औषध लिहून दिलें आहे. कुपींत २ मिलिलिटर द्रवांत १०० मिलिग्रॅम औषध आहे. सिरिंजमध्यें किती द्रव ओढावा? उत्तर दीड मिलिलिटर. इंग्लंडांतील परिचारिकांना याचें सूत्र शिकवितात तें साधारण असें: 'जें हवें आहे त्याला जें जवळ आहे त्यानें भागा, आणि तें ज्यांत आहे त्यानें गुणा.' आतां आपली 'लीलावती' आठवा. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनीं त्रैराशिकांतील तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशा संज्ञा वापरल्या. आणि त्यांच्याहि पूर्वीं, ४९९ सालीं, आर्यभटानें हाच नियम सांगितला होता. येथें १०० हें प्रमाण, २ हें फल, आणि ७५ ही इच्छा. 'जें हवें आहे' तें म्हणजे इच्छाच होय. लंडनची परिचारिका आणि आपले प्राचीन गणिती एकच रीत सांगतात, हें पाहून माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराला गंमत वाटल्याशिवाय राहत नाहीं.

मग अडचण कोठें आहे? पूर्वीं ती मापांत होती. इंग्रजी औषधालयांत ६० ग्रेनचा एक ड्राम आणि आठ ड्रामांचा एक औंस असे. एक ग्रेन म्हणजे सुमारें ६५ मिलिग्रॅम. आपल्याकडे १९५६ सालीं दशमान वजनमापांचा कायदा झाला व १९५८ पासून तो टप्प्याटप्प्यानें अमलांत आला. हिशेब सोपा झाला; परंतु त्याबरोबर एक नवें संकट आलें. दशमानांत एका टिंबाची चूक ही दसपटीची चूक असते. शून्य न लिहितां नुसतें '.५' लिहिलें आणि टिंब पुसट उमटलें तर त्याचे ५ होतात, '५.०' मधील टिंब दिसलें नाहीं तर ५० होतात. म्हणून अमेरिकेंत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या 'जॉइंट कमिशन' या संस्थेनें २००४ सालीं हे दोन्ही प्रकार वर्ज्य लेखनाच्या यादींत घातले. इन्सुलिनचेंहि तसेंच. एका मिलिलिटरमध्यें ४० युनिट असलेलें आणि १०० युनिट असलेलें, अशीं दोन प्रकारचीं इन्सुलिनें आपल्या देशांत मिळतात. चाळीसच्या खुणांच्या सिरिंजनें शंभरचें औषध घेतलें, तर मात्रा अडीचपट होते.

अशा चुकांची किंमत काय? १९९९ सालीं अमेरिकेच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन' या संस्थेनें एक अहवाल काढला. तेथील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळें वर्षाला ४४ हजारांपासून ९८ हजारांपर्यंत माणसें दगावत असावींत, असा अंदाज त्यांत होता. त्यांत सर्व प्रकारच्या चुका आल्या. औषधांच्या चुका हा त्यांतील एक प्रकार. २०१७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें औषधांपासून होणारी टाळतां येण्याजोगी गंभीर हानि पांच वर्षांत निम्मी करण्याचा संकल्प सोडला, यावरून हा प्रश्न किती व्यापक आहे हें ध्यानांत येईल.

आतां यंत्राकडे वळूं. अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे सिडनी प्रेसी यांनीं १९२६ सालीं एका यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. त्याला चार कळा होत्या. बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न येऊं नये, अशी सोय त्यांत होती. १९५४ सालीं बी. एफ. स्किनर यांनीं पाठाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक पावलास विद्यार्थ्याला त्याचें उत्तर बरोबर कीं चूक हें ताबडतोब कळविणारीं यंत्रें पुढें आणलीं. १९६० सालीं इलिनॉय विद्यापीठांत डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकारानें 'प्लेटो' ही संगणकावर शिकविण्याची योजना निघाली. आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या पत्नी मेरीअन बिट्झर, ज्या स्वतः परिचारिका होत्या, त्यांनीं परिचर्येच्या विद्यार्थिनींसाठीं तिच्यावर पाठ रचले. समोर हृदयविकाराचा काल्पनिक रोगी. त्याच्याविषयीं काय विचारावें, काय करावें, हें विद्यार्थिनीनें ठरवावयाचें. तेथें चूक झाली तरी कोणाचा प्राण जात नव्हता. यंत्राचा हा पहिला खरा उपकार.

तरीहि एक उणीव उरली होती. वरच्याच उदाहरणांत एका मुलीनें १५ असें उत्तर दिलें, दुसरीनें पाऊण, आणि तिसरीनें २.६७. पहिलीचें टिंब चुकलें. दुसरी दोनानें गुणावयाचें विसरली. तिसरीनें इच्छा आणि प्रमाण यांची अदलाबदल केली. तिघींचीं उत्तरें चूक खरीं, परंतु तिघींचे रोग निराळे आहेत. नुसती फुली मारणारें यंत्र तिघींना एकच औषध देतें! चांगला शिक्षक फुली मारण्यापूर्वीं विचारतो, "बाळ, हें आलें कसें?"

कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिक्षणांत खरा प्रवेश झाला तो याच प्रश्नाच्या वाटेनें. १९७० सालीं हायमे कार्बोनेल यांनीं दक्षिण अमेरिकेचा भूगोल संभाषणानें शिकविणारी 'स्कॉलर' ही प्रणाली मांडली. १९७८ सालीं जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनीं मुलांच्या वजाबाकींतील चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४२ मधून १७ वजा करून ३५ सांगणारा मुलगा वेंधळा नसतो. प्रत्येक घरांत लहान अंक मोठ्यांतून वजा करण्याचा आपला चुकीचा नियम तो इमानानें पाळीत असतो, आणि तो नियम संगणकाला शोधून काढतां येतो, असें त्यांनीं दाखविलें.

२०२२ च्या नोव्हेंबरांत 'चॅट-जीपीटी' सर्वांना खुलें झालें आणि माणसाच्या भाषेंत बोलणारें यंत्र घरोघर पोंचलें. तें शेंकडों नवीं उदाहरणें रचतें, न कंटाळतां पुन्हां पुन्हां समजावितें, विद्यार्थिनीची रीत वाचून ती कोठें घसरली हें पुष्कळदां सांगूंहि शकतें. परंतु दोन धोके आहेत. हें यंत्र मुळांत शब्दांमागून शब्द जुळविणारें आहे. चुकीचें उत्तरहि तें तितक्याच ऐटीनें सांगतें. म्हणून अंतिम आकडा हिशेबाच्या साध्या प्रणालीकडून काढून घ्यावा आणि संवादापुरतें हें यंत्र वापरावें, हें शहाणपणाचें. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मागितल्याबरोबर तयार उत्तर हातीं आलें, तर विचार करण्याची संवय लागावी कशी?

लंडनच्या सीलिया हॉइल्स, रिचर्ड नॉस आणि स्टेफानो पोझी यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भांत उद्बोधक आहे. मुलांच्या रुग्णालयांतील अनुभवी परिचारिका प्रत्यक्ष कामांत पाठ केलेलें सूत्र क्वचितच वापरीत, आणि तरीहि त्यांचीं उत्तरें बरोबर येत, असें त्यांना आढळलें. त्या बायांना त्या त्या औषधाची तीव्रता ओळखीची झालेली होती. प्रमाण त्यांच्या डोळ्यांपुढें असे.

शिकवावयाचें आहे तें हें प्रमाणाचें भान. ७५ हे १०० पेक्षां कमी आहेत; म्हणजे उत्तर दोहोंपेक्षां कमीच आलें पाहिजे, आणि निम्म्याहून अधिक. एवढा अंदाज आधीं बांधणारी मुलगी १५ मिलिलिटर ओढणारच नाहीं, मग तो आकडा कागदानें सांगितलेला असो कीं यंत्रानें. उत्तर देण्यापूर्वीं अंदाज विचारणारें आणि अंदाज सांगितल्यावांचून उत्तर न देणारें यंत्र जर आपल्या परिचर्या-विद्यालयांत आलें, तर त्याचें स्वागत करावें. उत्तर आयतें हातांत ठेवणारें यंत्र मात्र परीक्षेंत उपयोगी पडेल, रोग्याच्या उशाशीं नाहीं. कारण पहांटे तीन वाजतां वॉर्डांत सिरिंज भरणारा हात परिचारिकेचा असतो, आणि त्या मात्रेची जबाबदारी कोणतेंहि यंत्र आपल्या शिरावर घेत नसतें.