धुक्यातील वाहनदिवे

धुके, हिमवर्षाव किंवा दाट पाऊस यांतून जाताना चालकास रस्ता दिसावा व त्याचे वाहन इतरांस दिसावे, यासाठी केलेली दिव्यांची योजना. मोटारीच्या आरंभकाळी तेलाचे व कार्बाइडपासून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे वापरीत. पुढे विजेचे प्रखर दिवे आले, तेव्हा धुक्यात उलटाच अनुभव आला : प्रकाश जितका प्रखर, तितका समोरचा पांढरा पडदा दाट.

या अडचणीवर पिवळा दिवा हा तोडगा लोकप्रिय झाला. त्यामागे एका नियमाचा गैरलागू वापर आहे. तरंगलांबीहून फार लहान कणांमुळे निळ्या प्रकाशाचे प्रकीर्णन अधिक होते, असे लॉर्ड रॅली यांनी १८७१ मध्ये दाखविले. आकाशाचा निळा रंग यामुळेच. परंतु धुक्यातील जलबिंदू दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कित्येक पट मोठे असतात. त्यांना गुस्टाफ मी यांचा १९०८ चा सिद्धांत लागू पडतो व त्यानुसार सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून तर धुके पांढरे दिसते. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत अनेक दशके पिवळे दिवे सक्तीचे होते. त्यांच्या समर्थनार्थ डोळे कमी दिपतात हे कारणही देत. समजूत मात्र अद्याप टिकून आहे. खरा उपयोग होतो तो दिवा खाली बसविण्याचा आणि त्याचा झोत रुंद, चपटा व वरून कापलेला ठेवण्याचा. कारण त्यामुळे दृष्टिरेषेतील बिंदू कमी उजळतात. हिमवर्षावातही हेच तत्त्व लागू पडते.

दिसण्याइतकेच दिसून येणे महत्त्वाचे. पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रस्त्यात बसवावयाच्या परावर्तक ‘मांजरडोळ्यां’चे एकस्व घेतले, युद्धकालीन अंधारबंदीत त्यांचा प्रसार झाला.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव तालुका अवर्षणप्रवण असला, तरी त्याच्या उत्तरेस गोदावरी व जायकवाडीचा नाथसागर आहे. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते व अशा ओलसर पट्ट्यात पहाटे धुके धरते. उसाचा गळीत हंगाम नेमका याच दिवसांत चालतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे लोंबणाऱ्या उसाने मागचे दिवे झाकले जातात. बैलगाडीला तर दिवाच नसतो. मागून येणाऱ्या मोटारीचा दिवा कितीही चांगला असला, तरी त्याचा येथे फारसा उपयोग नाही. म्हणून गाड्यांना परावर्तक पट्ट्या चिकटवितात. लोक त्यांना ‘रेडियम’ म्हणतात, यद्यपि त्यांत रेडियम मुळीच नसते. पट्टीवर पडून परतणाऱ्या प्रकाशास धुके दोनदा ओलांडावे लागते, पेटत्या दिव्याच्या प्रकाशास एकदाच. त्यामुळे दाट धुक्यात गाडीच्या मागे टांगलेला साधा कंदीलही पट्टीच्या आधी दिसू शकतो.