पाव्यापासून बासरीपर्यंत

संत तुकारामांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास येते. तिच्यामागे लागणाऱ्या दुकानांतली वीतभर बासरी ही इथल्या कित्येक मुलांची पहिली बासरी. आमचीही तीच होती. हात वळला, की तिचा उंच स्वर टोचू लागतो आणि प्रश्न पडतो: आता कोणती?

हाच प्रश्न पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांच्यापुढे मोठ्या प्रमाणावर उभा होता. ख्यालाचा विलंबित विस्तार आणि मंद्राचे गांभीर्य आखूड वेळूत मावत नव्हते. निरनिराळी द्रव्ये पारखून ते पुन्हा बांबूकडेच वळले आणि सुमारे ३२ इंचांची बासरी त्यांनी मैफिलीत आणली. तीव्र मध्यमासाठी त्यांनी सातवे छिद्रही पाडले. पुढे हरिप्रसाद चौरसियांनी मात्र सहा छिद्रांवरच आपले वादन उभे केले. लांबीबरोबर छिद्रांतले अंतर वाढले, म्हणून बोटांची टोके सोडून मधली पेरे टेकवावी लागली. वाद्य बदलले, तसा हातही बदलला. (समीक्षेत 'रूप' आणि 'आशय' शिकवताना हे उदाहरण आम्हांला फार उपयोगी पडते.)

म्हणून विद्यार्थ्याने एकदम पांढरी तीनची बासरी घेऊ नये, असे आमचे मत. आधी पांढरी पाच बरी. घेताना सहाही छिद्रे झाकून मंद्र पंचम वाजवावा, मग फुंक वाढवावी. वरचा पंचम तंबोऱ्याशी जुळला नाही, तर बासरी खाली ठेवावी, मग तिच्यावरचे रेशमी दोरे कितीही सुरेख असोत.