जुन्या फायरप्लेसचा पुनर्वापर

फायरप्लेस म्हणजे खोलीच्या भिंतीत बांधलेली, धूर बाहेर नेणारे धुराडे असलेली शेकोटीची जागा होय. अनेक वर्षे वापरात नसलेली अशी फायरप्लेस खोली उबदार ठेवण्यासाठी पुन्हा पेटविण्यापूर्वी धुराड्याची तपासणी, साफसफाई आणि दुरुस्ती करावी लागते. बाहेरून सुस्थितीत दिसणारी फायरप्लेस आतून तडकलेली वा बुजलेली असू शकते. अशा स्थितीत ती पेटविल्यास घराला आग लागणे आणि कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होणे हे दोन मुख्य धोके संभवतात.

नाशिक परिसरातील संदर्भ

महाराष्ट्रातील पारंपरिक घरांत फायरप्लेस नव्हती. नाशिकच्या जुन्या वाड्यांत स्वयंपाकाची चूल, कोळशाची शेगडी आणि अंगणातील शेकोटी एवढीच उबेची साधने असत. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून किंवा छपरातील धुराड्यावाटे निघून जाई. भिंतीतील फायरप्लेस ही ब्रिटिश वास्तुपद्धतीची देणगी असून ती छावण्या व थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यांबरोबर येथे आली. नाशिकजवळील देवळाली येथे 19व्या शतकात ब्रिटिशांनी लष्करी छावणी वसविली. मायदेशी परतणारे सैनिक जहाजाची वाट पाहत तेथे मुक्काम करीत. ‘डूलॅली’ हा वेड लागल्याच्या अर्थाचा इंग्रजी बोलीतील शब्द याच गावाच्या नावावरून आला.

नाशिकचा हिवाळा लहान पण बोचरा असतो. जिल्ह्यातील निफाड तालुक्यात किमान तापमान काही वर्षी 5 अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रातील नोंदी त्या काळात वृत्तपत्रांतून नियमित प्रसिद्ध होतात. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागांत पहाटे शेकोट्या पेटविण्याची वेळ येते. मात्र दुपारी ऊन तापते. त्यामुळे येथे फायरप्लेसचा उपयोग रात्र व पहाट यांपुरता, वर्षातील काही आठवडेच होतो. उरलेले महिने धुराडे रिकामे राहते आणि त्यातील बहुतेक दोष याच काळात निर्माण होतात.

रचना व कार्य

जळण ठेवण्याचा कोठा, त्यापुढील दगडी वा विटांचा ओटा, कोठ्यावरील अरुंद गळा, गळ्यातील लोखंडी झडप आणि छपरावर जाणारी धूरनळी हे फायरप्लेसचे प्रमुख भाग आहेत. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व तिच्या जागी खोलीतील हवा ओढली जाते. या क्रियेस धुराड्याची ओढ म्हणता येईल. धुराडे जितके उंच व आतून जितके उबदार, तितकी ओढ चांगली. धूरनळीच्या छेदाचे क्षेत्रफळ फायरप्लेसच्या तोंडाच्या साधारण एक-दशांश असावे, असा बांधकामातील ढोबळ संकेत आहे.

उघडी फायरप्लेस हे उष्णतेच्या दृष्टीने उधळे साधन आहे. जळणातील बहुतांश उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि खोलीला तिचा लहानसा अंशच मिळतो. बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रमफर्ड यांनी 18व्या शतकाच्या अखेरीस कोठा उथळ, बाजूच्या भिंती तिरप्या आणि गळा अरुंद करण्याची सुधारणा सुचविली. त्यामुळे धूर कमी झाला व खोलीत परावर्तित होणारी उष्णता वाढली. जुन्या बंगल्यातील कोठा खोल व चौकोनी असेल, तर दुरुस्तीच्या वेळी हा बदल विचारात घेण्याजोगा आहे.

तपासणी

तपासणी छपरापासून सुरू करणे सोयीचे असते. वापर थांबल्यावर पावसाचे पाणी येऊ नये म्हणून धुराड्याच्या तोंडावर फरशी ठेवून ते सिमेंटने बंद केलेले असणे, कबुतरांसाठी जाळी ठोकलेली असणे, धूरनळीतून विजेची तार, केबल किंवा वातानुकूलन यंत्राची नळी ओढलेली असणे, असे प्रकार आढळतात. हे सर्व अडथळे काढल्याशिवाय आग पेटविता येत नाही. सातेरी जातीच्या मधमाश्या अंधाऱ्या पोकळीत पोळे बांधतात, त्यामुळे रिकामे धुराडे त्यांना सोयीचे ठरते. अशा पोळ्याला धूर देऊन जाळण्याऐवजी मधपाळाकडून ते हलविणे इष्ट. पिंगळा किंवा गव्हाणी घुबड आत राहत असल्यास पिले उडून जाईपर्यंत काम थांबवावे. घुबडांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण आहे.

यानंतर धूरनळीची आतील बाजू पाहिली जाते. त्यासाठी प्रखर विजेरी, आरसा किंवा तारेला बांधलेला कॅमेरा वापरतात. विटांमधील चुना भुगा होऊन गळला आहे का, तडे आहेत का, शेजारच्या खोलीच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटले आहेत का, हे पाहणे आवश्यक असते. जुन्या चुन्याच्या बांधकामात दरजा भरताना कडक सिमेंटऐवजी चुनाच वापरणे योग्य ठरते, कारण सिमेंट मऊ विटेबरोबर प्रसरण पावत नाही आणि ओल अडवून धरते. कोठ्यात मात्र साध्या विटा टिकत नाहीत. तेथे फायरब्रिक व उष्णतारोधक गारा लागतो. धूरनळी सर्वत्र कमकुवत झाली असेल, तर आतून पोलादी नळी बसविणे हा टिकाऊ उपाय आहे.

मंगलोरी कौलांच्या छपरात धुराडे सागवानी वाशांमधून वर जाते. लाकूड व धुराड्याची भिंत यांत किमान 2 इंच मोकळी जागा असावी. वासा थेट धुराड्यात रुतविलेला असेल, तर अनेक वर्षांच्या उष्णतेने ते लाकूड हळूहळू कोळशासारखे होऊन कमी तापमानालाही पेट घेऊ शकते. हा दोष लपलेला राहतो, म्हणून छताची पट्टी काढून पाहण्याचा खर्च टाळू नये. ओटा तोंडापुढे किमान 16 इंच व दोन्ही बाजूंना 8 इंच असावा. नंतरच्या काळात त्यावर लाकडी फरशी किंवा विनाइल अंथरले असल्यास ते काढावे लागते.

साफसफाई व चाचणी

लाकडाच्या अपुऱ्या ज्वलनातून धूरनळीत काजळी व डांबरासारखा चकाकता थर साचतो. तो पेटल्यास धुराड्यातच आग लागते व तिचे तापमान 1000 अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचू शकते. थर सुमारे 3 मिलिमीटर झाला की साफसफाई करावी, असा नियम पाळतात. तारेचा वा काथ्याचा गोल ब्रश सांध्याच्या काठीला लावून नळी घासली जाते. काजळी आरोग्यास घातक असते. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी असल्याचे पर्सिव्हल पॉट या इंग्लिश शल्यचिकित्सकाने 1775 मध्ये दाखविले होते. म्हणून तोंडावर चांगल्या प्रतीचा मुखपट्टा असल्याशिवाय हे काम करू नये.

साफसफाईनंतर तोंडाशी उदबत्ती धरून धूर वर ओढला जातो का ते पाहतात. पुढे कागदाचा बोळा गळ्याशी पेटवून नळी उबदार केली जाते. थंड पहाटे ही पायरी वगळल्यास धूर खोलीत परततो. त्याच वेळी स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा चालू असेल, तर धुराड्याची ओढ उलटू शकते. पहिली आग लहान ठेवावी. ओले बांधकाम एकदम तापल्यास आतील पाण्याची वाफ होऊन विटा फुटतात.

कार्बन मोनॉक्साइड

हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा 200 ते 250 पट अधिक आसक्तीने संयोग पावतो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही त्याची आरंभीची लक्षणे आहेत. झोपलेल्या व्यक्तीला ती जाणवतही नाहीत. बुजलेल्या फायरप्लेसमध्ये कोळशाची पेटती शेगडी ठेवणे ही सर्वांत धोकादायक चूक होय, कारण कोळशाला धूर दिसत नाही आणि घरच्यांना सुरक्षिततेचा भास होतो. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे होणाऱ्या मृत्यूंचे कारणही हाच वायू असतो. खोलीत कार्बन मोनॉक्साइड सूचक यंत्र बसवावे, एक खिडकी किंचित उघडी ठेवावी आणि निखारे पूर्ण विझेपर्यंत झडप बंद करू नये.

जळण व राख

जळणात 20 टक्क्यांहून कमी ओलावा असावा. पावसाळ्यात भिजलेले लाकूड दिवाळीपर्यंत सुकतेच असे नाही. बाभळीचे लाकूड संथ व जास्त वेळ जळते. नाशिक भागात द्राक्षवेलींच्या छाटणीच्या काड्या विपुल मिळतात. त्या आग धरविण्यास उपयोगी असल्या, तरी बागेत बुरशीनाशकांची फवारणी होत असल्याने घरात त्या जाळणे टाळावे. रंग दिलेली जुनी दारे, प्लायवूड व प्लॅस्टिक जाळू नये. शहरी भागात जळणासाठी झाड तोडायचे झाल्यास महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार परवानगी लागते. नाशिक शहराचा समावेश राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात असल्याने धुराचा प्रश्न एका घरापुरता राहत नाही. दार असलेली लोखंडी बंदिस्त शेगडी कोठ्यात बसविल्यास तेवढ्याच लाकडात कितीतरी अधिक उष्णता मिळते व धूरही घटतो.

राखेत निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतात. ती झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवावी. धुराड्यातून घरघर ऐकू आल्यास किंवा ठिणग्या उडाल्यास शक्य असेल तर झडप बंद करून सर्वांनी बाहेर पडावे व 101 किंवा 112 क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावे. तापलेल्या कोठ्यावर पाणी ओतू नये, कारण त्याने विटा तडकतात व वाफेने भाजण्याची भीती असते. आग विझल्यानंतरही पुन्हा तपासणी होईपर्यंत फायरप्लेस वापरता येत नाही.